दोन शिवजयंत्या आणि ‘एल्डर स्क्रोल्स’चे पाच भाग

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत शिवजयंती वर्षातून दोनदा येते. पहिली १९ फेब्रुवारीला, शासनमान्य. दुसरी ऐन उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी म्हणजे वैशाख शुद्ध द्वितीयेला, परंपरेने चालत आलेली. बाहेरगावचा पाहुणा वैशाखातली मिरवणूक पाहून चक्रावतो, कारण दोन अडीच महिन्यांपूर्वीच त्याच्या गावी हा उत्सव होऊन गेलेला असतो. पेठेतल्या माणसाला मात्र यात काहीच विसंगत वाटत नाही.

माणूस जन्माला येतो एकदाच. मग दोन तिथी आल्या कुठून? उत्तर साधनांत आहे. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीसारखी उत्तरकालीन साधने शके १५४९ ची, म्हणजे १६२७ ची वैशाखी तिथी सांगतात. जेधे शकावली शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया सांगते, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ही शकावली १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. सार्वजनिक शिवजयंतीला चालना देणाऱ्या माणसाच्याच हातून त्या उत्सवाची रूढ तिथी डळमळीत व्हावी, हा योग विलक्षणच. पुढे १९२७ साली छापून आलेल्या परमानंदांच्या ‘शिवभारता’नेही फाल्गुनाच्या बाजूने साक्ष दिली. (ज्यांना तारखांचा काटेकोरपणा प्रिय आहे त्यांच्यासाठी: १९ फेब्रुवारी ही ज्युलियन पंचांगाची तारीख. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० ठरतो.)

एकाच घटनेच्या परस्परविरोधी साक्षी समोर आल्या की काय करायचे, हा इतिहासशास्त्राचा पहिला प्रश्न. आणि हाच प्रश्न गेली तीस वर्षे एका संगणकीय खेळमालिकेसमोर उभा आहे. ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही ती मालिका. तिचे पाच मुख्य भाग झाले: ‘अरीना’ (१९९४), ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११). या भागांची तुलना बहुधा ग्राफिक्स, लढाई आणि नकाशाचा आकार यांवरून होते. येथे कसोटी वेगळी आहे. प्रत्येक भागाने स्वतःच्या काल्पनिक भूतकाळाला कसे वागवले?

‘अरीना’चे उत्तर सोपे आहे: भूतकाळ जवळजवळ नाहीच. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या कंपनीने आधी आखाड्यातल्या लढायांचा खेळ योजला होता. मल्लांची तुकडी घेऊन गावोगाव फिरायचे, कुस्त्यांच्या फडासारखे सामने जिंकायचे. करता करता आखाडा मागे पडला आणि प्रवास व मोहिमा तेवढ्या उरल्या. पण नाव ठरून गेले होते. तेव्हा युक्ती लढवण्यात आली. या टॅम्रिएल खंडात इतकी युद्धे होतात की तिथले लोक त्यालाच ‘आखाडा’ म्हणतात! नाव आधी आणि कारण नंतर. गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगणाऱ्या स्थलपुराणांत हेच तर घडते.

मालिकेच्या नावाचीही तीच कथा. ‘एल्डर स्क्रोल्स’, म्हणजे ‘प्राचीन गुंडाळ्या’, हे शब्द विजय लक्ष्मण या रचनाकाराला सुचले, असे त्याचा सहकारी टेड पीटरसन याने सांगून ठेवले आहे. त्या गुंडाळ्या म्हणजे नेमके काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. अर्थ पुढच्या भागांनी भरला.

कथानक मात्र मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. दरबारी जादूगार जगार थार्न सम्राटाला दुसऱ्या मितीत डांबतो आणि त्याचे रूप घेऊन दहा वर्षे राज्य करतो. हा तोतया आहे. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून शाहू परतला तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने त्याला तोतयाच ठरवले होते. खेडच्या लढाईआधी धनाजी जाधव शाहूला जाऊन मिळाला, त्यामागे ‘हा खराच शाहू’ अशी खात्री पटणे हा मोठा भाग होता. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. फरक असा की खेळात तोतया कोण हे खेळाडूला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते, तर १७०७ मध्ये घोड्यावर बसलेल्या शिलेदाराला ते ठरवायचे होते, आणि चुकले तर वतन जाणार होते.

दुसऱ्या भागात अडचण सुरू होते.

‘डॅगरफॉल’ आकाराने अवाढव्य. सुमारे १५ हजार गावे, वाडे, भुयारे आणि थडगी. कंपनी स्वतःच्या खेळाची तुलना ग्रेट ब्रिटनच्या क्षेत्रफळाशी करीत असे. इलियाक उपसागराच्या काठी लहान मोठी चव्वेचाळीस संस्थाने. शेवटी खेळाडूच्या हाती एक किल्लीवजा वस्तू येते. ती ज्याला मिळेल तो न्युमिडियम नावाच्या पितळी महायंत्राचा धनी होईल. सम्राट, डॅगरफॉल, वेरेस्ट आणि सेंटिनेलची राज्ये, ऑर्क लोकांचा सरदार, मृतांना उठवणारा मांत्रिक: दावेदार बरेच. खेळाडू ज्याला ती देईल त्याच्या बाजूने शेवट लागतो.

एका खेळापुरते हे उत्तमच. पण पुढचा भाग काढायचा तर यांतला कोणता शेवट ‘घडला’ असे धरायचे? एक निवडला तर दुसरा शेवट खेळलेल्या लाखो लोकांचे श्रम खोटे ठरणार. लेखकांनी जे केले ते धाडसी होते. त्यांनी सांगितले की सगळेच शेवट घडले. महायंत्र चालू होताच काळाची वीण उसवली, दोन तीन दिवस एकाच जागी अनेक घटना घडल्या, सैन्ये एकाच वेळी जिंकली आणि हरली, आणि काळ पुन्हा जुळला तेव्हा चव्वेचाळीस संस्थानांच्या जागी चार राज्ये उरली. या विश्वात अशा घटनेला ‘ड्रॅगन ब्रेक’ म्हणतात, कारण काळाचा देव अजगररूपी आहे. पुढे ‘ऑब्लिव्हियन’मध्ये या प्रसंगावरचा एक अहवाल वाचायला मिळतो. त्यात अधिकृत नाव नोंदलेले आहे: ‘शांततेचा चमत्कार’. प्रत्यक्ष साक्षीदारांच्या जबान्यांत मात्र कोणी रात्रीतून आपली छावणी शंभर मैल दूर सापडल्याचे सांगतो, कोणी जळालेल्या गावांचे. अहवाल लिहिणारा दप्तरदार हे सगळे मांडतो आणि दरबारी नाव तसेच ठेवतो. ज्यांनी सरकारी कागद चाळले आहेत त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

ही तोड चाहत्यांना फार आवडते. ती चतुर आहे यात वाद नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यापासून थोडे सावध राहावे. ‘दोन्ही बाजू खऱ्या’ हे वाक्य उदार वाटते. त्यात चिकित्सेची सुट्टी दडलेली असते. चिटणीस बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेली. शकावली ही कोरड्या नोंदींची यादी, कोणाला रिझवण्यासाठी न लिहिलेली, आणि तिच्या इतर अनेक नोंदी स्वतंत्र साधनांशी जुळणाऱ्या. या दोन साक्षी तराजूच्या दोन पारड्यांत सारख्या वजनाच्या नाहीत. जिजाऊंच्या पोटी शिवनेरीवर मूल एकदाच जन्मले, आणि पुराव्याचे वजन फाल्गुनाकडे झुकते.

मग शिवाजी पेठ चुकते का? नाही, कारण पेठ वेगळ्या गोष्टीची साक्ष देते. वैशाखातली मिरवणूक १६२७ चा पुरावा ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी कोणत्या दिवशी शिवरायांची आठवण केली, याचा तो पुरावा आहे, आणि तोही अस्सल. घटनेचा इतिहास एक, आठवणीचा इतिहास दुसरा. दोन्ही शिकण्याजोगे आहेत. फक्त एकाची पावती दुसऱ्याच्या वहीत लावायची नाही.

ड्रॅगन ब्रेकने नेमकी ही वहीच एक केली. तिसऱ्या भागाने ती पुन्हा वेगळी केली, म्हणूनच तो भाग या मालिकेचा कळस आहे.

‘मॉरोविंड’मध्ये खेळाडू सेडा नीन नावाच्या दलदलीच्या बंदरात कैदी म्हणून उतरतो आणि हळूहळू त्याला कळते की अनेकांच्या मते तो नेरेव्हार या प्राचीन वीराचा पुनर्जन्म असू शकेल. नेरेव्हार हजारो वर्षांपूर्वी लाल पर्वताच्या लढाईच्या सुमारास मेला. कसा मेला? सारा खेळ या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्याचे ठाम उत्तर देत नाही.

मंदिराचे अधिकृत म्हणणे असे: नेरेव्हार लढाईतल्या जखमांनी गेला, त्याचे तीन जवळचे सल्लागार, अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि विव्हेक, तपश्चर्या व पुण्याईने देव झाले. हे तिघे आजही सिंहासनावर आहेत, त्यामुळे ही कथा म्हणजे राज्याचा पायाच. राखेच्या माळरानावर तंबू ठोकून राहणाऱ्या भटक्या जमाती वेगळेच सांगतात: तिघांनी धन्याला दगा देऊन मारले आणि देवत्व चोरले. ही परंपरा नेरेव्हारचा साथीदार अलांड्रो सुल याच्या नावाने तोंडी चालत आली. तिसरी बाजू दागोथ उरची. तोही लढाईत होता, आज तो शत्रू आहे, आणि त्याच्या मते दगा झाला तो त्याच्याशी.

खरी मौज पुढे. भटक्यांच्या या परंपरेची एक विद्वत्तापूर्ण लेखी प्रत खुद्द मंदिराच्याच गुप्त दप्तरात जपून ठेवलेली असते. बाहेर ज्या कथेचा उच्चार करणाऱ्या पुजाऱ्यांना तुरुंगात टाकले जाते, तीच कथा आतल्या कपाटात व्यवस्थित बांधून ठेवलेली. त्या तुरुंगाचे नाव आहे ‘सत्य मंत्रालय’. विनोद थोडा उघडा आहे, पण चालून जातो.

खेळाडूला हे कागद एका ठिकाणी मिळत नाहीत. एक पुस्तक बंडखोर पुजाऱ्यांच्या मठात, दुसरे मंदिराच्या ग्रंथालयात, तिसरी हकिकत तंबूतल्या वृद्धेच्या तोंडून, आणि शेवटी खुद्द विव्हेकला समोर उभे करून विचारता येते. तो शांतपणे आपली बाजू सांगतो. तो खोटे बोलतो असे म्हणावे तर पुरावा नाही. मात्र त्याने स्वतःच लिहिलेल्या ‘छत्तीस प्रवचने’ नावाच्या दुर्बोध ग्रंथात, एका प्रवचनातले आकडे किल्ली म्हणून वापरून ठराविक शब्द वेचले, तर कबुली हाती येते: तो जन्माने देव नव्हता, देवत्व चोरले, आणि नेरेव्हारचा खून केला. स्वतःच्या स्तुतिग्रंथात लपवलेला कबुलीजबाब! हे लेखन मायकेल कर्कब्राइड याचे. भागाचा मुख्य रचनाकार केन रॉल्स्टन हा फाशांच्या आणि कागदी नकाशांच्या जुन्या रोल-प्लेइंग खेळांतून आलेला होता. एकच सत्य सांगणाऱ्या निवेदकाऐवजी अनेक खोटे बोलू शकणारे निवेदक ठेवण्याचे बळ बहुधा त्या परंपरेतले.

मराठी वाचकासाठी लाल पर्वत हा केवळ कल्पनाविलास नाही. संभाजी महाराजांचेच पाहा. १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून त्यांच्या आज्ञेने बाळाजी आवजी चिटणीसांना देहदंड झाला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी साताऱ्याच्या गादीसाठी बखर लिहिणारे मल्हार रामराव हे याच बाळाजींच्या वंशातले. त्यांच्या बखरीतला संभाजी उग्र, व्यसनी आणि राज्य बुडवणारा आहे. हे चित्र नाटकांत गेले, कादंबऱ्यांत गेले, लोकांच्या बोलण्यात मुरले. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ आला आणि समकालीन कागदांच्या आधारे वेगळा संभाजी समोर आला: नऊ वर्षे औरंगजेबाशी झुंजणारा राजा आणि संस्कृत ‘बुधभूषण’ रचणारा पंडित. एका घराण्याच्या जखमेतून उमटलेल्या शब्दांनी एका छत्रपतीची प्रतिमा दीडशे वर्षे काळवंडून ठेवली.

येथे एक सावधगिरी हवी. चिटणीसांनी मुद्दाम खोटे लिहिले, असा निष्कर्ष फार घाईचा होईल. घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली हकिकत माणूस प्रामाणिकपणेही लिहू शकतो. आणि वैराचा हेतू सापडला म्हणून मजकूर आपोआप खोटा ठरत नाही. तो दुसऱ्या साधनांशी ताडून पाहण्याची गरज तेवढी वाढते. शत्रूही कधी खरे सांगतो. आजकाल समाजमाध्यमांवर बखरकाराची जात वा घराणे सांगितले की खंडन पूर्ण झाले असे मानतात. ‘मॉरोविंड’ खेळलेला मुलगा यात फसू नये, कारण त्या खेळात भटक्या जमातींनाही आपला वीर परत हवा असतो. त्यांची कथाही निःस्वार्थ नाही.

याच भागात आणखी एक जिन्नस आहे, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. राणी बॅरेन्झियाचे एक निनावी चरित्र ‘डॅगरफॉल’मध्ये होते, ‘खरी बॅरेन्झिया’ नावाचे, बरेच धीट. त्याच्या जोडीला सरकारी लेखनिकाने लिहिलेले सोज्ज्वळ, तीन खंडांचे अधिकृत चरित्रही आहे. ‘मॉरोविंड’मध्ये मात्र जुन्या निनावी चरित्रातले काही शृंगारिक उतारे गळाले. गळाले ते कंपनीच्या संपादनामुळे. पण १९९६ आणि २००२ च्या प्रती शेजारी ठेवल्या तर हाती येतो तो अस्सल पाठभेद. हस्तलिखितांच्या दोन प्रतींत जसा एखादा प्रसंग एका नकलकाराने सोवळेपणाने वगळलेला असतो, अगदी तसा.

‘ऑब्लिव्हियन’बद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. देखणा खेळ, सम्राटाच्या भूमिकेत पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज, नरकाची दारे उघडणे, राजवंशाचा अंत. इतिहासाच्या अंगाने मात्र तो सगळ्यांत निरुत्साही. येथे कोण खरे आणि कोण खोटे यावर फारसा वाद नाही. वाईट माणसे लाल झगे घालतात.

तरी त्याने नकळत एक छान प्रकरण जन्माला घातले. १९९८ साली ‘रेडगार्ड’ नावाच्या उपखेळासोबत साम्राज्याची एक मार्गदर्शक पुस्तिका आली होती. तिच्यात राजधानीचा सिरोडिल प्रांत अथांग वर्षारण्य म्हणून वर्णिला होता. २००६ मध्ये खेळाडू प्रत्यक्ष सिरोडिलमध्ये पोहोचले तर समोर हिरवी कुरणे आणि युरोपी धाटणीची ओक झाडे! अरण्य गेले कुठे? पुढे ‘स्कायरिम’मध्ये बाजारात ओरडून प्रवचन देणारा एक पुजारी सांगतो की सम्राट टायबर सेप्टिमने देव झाल्यावर आपल्या सैनिकांच्या सुखासाठी प्रांताचे हवामानच बदलले. २०१४ साली आलेल्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मधली एक विदुषी याहून रुक्ष स्पष्टीकरण देते: जुन्या ग्रंथाची नक्कल करताना चूक झाली, अरण्य कधी नव्हतेच.

दैवी चमत्कार की लेखनिकाची चूक? ज्याने मोडीतला एखादा कागद वाचायचा प्रयत्न केला आहे त्याचा कल दुसरीकडे जाईल. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे लटकवत जातात. शब्द तोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व दीर्घाचा भेद पाळला जात नाही, हात उचलला जात नाही. तिथे एका शब्दाचा दुसरा शब्द होणे रोजचे आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती घेतली; मूळ पत्रांशी ताडल्यावर बखरींतली नावे, तिथी, क्रम किती ठिकाणी ढासळतात हे त्यांनी दाखवून दिले. गंमत एवढीच की सिरोडिलच्या बाबतीत खरे कारण तिसरेच असते. २००६ च्या निर्मात्यांना तसा प्रांत काढायचा होता, एवढेच. विदुषीचा तर्क निर्दोष आहे आणि तरी चुकीचा आहे. इतिहासकाराच्या झोपेत येणारे हे दुःस्वप्न.

‘स्कायरिम’ सगळ्यांत जास्त खपला आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक तरुणांनी मालिकेची ओळख करून घेतली ती येथूनच. काळ ‘ऑब्लिव्हियन’नंतर दोनशे वर्षांचा. उत्तरेकडच्या हिमप्रदेशात यादवी: एका बाजूला साम्राज्य, दुसऱ्या बाजूला उल्फ्रिक स्टॉर्मक्लोकचे बंड. साम्राज्याने एल्फ लोकांशी तह करून टॅलॉसची पूजा बंद केली, आणि टॅलॉस म्हणजे देवपदाला गेलेला साम्राज्यसंस्थापकच! बंडाचा आवेश तिथून येतो.

या भागावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की खोलवरचे ग्रंथ गेले आणि ड्रॅगन तेवढे राहिले. आक्षेप अर्धाच खरा आहे. उल्फ्रिकच्या बाबतीत ‘स्कायरिम’ने साधनांचा जो डाव मांडला आहे तो ‘मॉरोविंड’ला शोभण्याजोगा. मार्कार्थ शहर बंडखोर टेकडीवाल्यांकडून परत घेताना उल्फ्रिकने काय केले? ‘मार्कार्थचे अस्वल’ या पुस्तकात एक साम्राज्यवादी पंडित त्याच्यावर निःशस्त्रांच्या कत्तलीचा आरोप ठेवतो. उल्फ्रिकचे लोक तीच घटना पराक्रम म्हणून सांगतात. त्यांच्या दृष्टीने अन्याय झाला तो नंतर, जेव्हा पूजेचे वचन मोडून त्यालाच कैद केले गेले. या दोन्ही गोष्टी लोकांनी वाचाव्यात, ऐकाव्यात म्हणून तयार केलेल्या आहेत. बखरीच म्हणा ना.

आणि मग शत्रूच्या वकिलातीत चोरून शिरल्यावर एक दप्तर हाती लागते. ते कोणी वाचावे म्हणून लिहिलेलेच नाही. एल्फ हेरखात्याची उल्फ्रिकवरची ती अंतर्गत नोंद: युद्धात तो आपल्या कैदेत होता, त्याने दिलेल्या माहितीमुळे राजधानी पडली असा त्याचा समज करून देण्यात आला, जो खोटा होता, त्याचा विजय आपल्याला नको, पराभवही नको, यादवी लांबत राहो. एका पानात खेळाचा रंग पालटतो.

राजवाड्यांनी बखरींपेक्षा पत्रांना मान का दिला, हे शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. कोल्हापूरच्या उंबरठ्यावरचाच दाखला घ्यायचा तर १६६० चा पन्हाळ्याचा वेढा. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथी सिद्दी जौहरच्या मदतीला तोफगोळे घेऊन आले आणि गडावर मारा करताना त्यांनी इंग्रजी निशाण फडकवले. पुढच्याच वर्षी शिवरायांनी राजापूर लुटले आणि या इंग्रजांना कैद केले. कैद्यांनी सुटकेसाठी टाहो फोडला तेव्हा सुरतेच्या त्यांच्याच वरिष्ठांनी निशाण फडकवून गोळे टाकल्याबद्दल त्यांना बोल लावला. असे वाक्य कोणी गौरवग्रंथात लिहीत नाही. ते खासगी पत्रातच सापडते.

अर्थात खासगी कागदही धुतल्या तांदळासारखा नसतो. वखारीतला माणूस वरिष्ठांना लिहिताना स्वतःची कातडी वाचवत असतो, आणि हेरखात्याचा अधिकारी आपल्या करामतीचे मोल वाढवून सांगत असतो. उल्फ्रिक खरोखर इतका हातातले बाहुले होता का, की त्या नोंदीत कारकुनी फुशारकीही आहे? खेळ याचे उत्तर देत नाही. पण बहुतेक खेळाडू हे दप्तर हाती पडण्याच्या कितीतरी आधी बाजू निवडून मोकळे झालेले असतात. खेळाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत मान कापणाऱ्यांच्या तावडीतून ज्याच्यासोबत पळ काढला, त्याची बाजू. पुढे कागद मिळतो तेव्हा काही जण तो वाचतात, तर काही जण तो झोळीत टाकून पुढच्या गुहेकडे निघतात.

राहता राहिला पुढचा भाग. सहाव्या ‘एल्डर स्क्रोल्स’ची घोषणा जून २०१८ मध्ये डोंगरांच्या एका छोट्याशा चित्रफितीने झाली. त्यात स्कायरिमच्या यादवीचा निकाल सांगावा लागेल किंवा टाळावा लागेल. कोट्यवधी खेळाडूंपैकी कोणी उल्फ्रिकला सिंहासनावर बसवले आहे, तर कोणी त्याचे मुंडके उडवले आहे. पुन्हा काळाची वीण उसवून ‘सगळेच खरे’ म्हणता येईल. किंवा दोनशे वर्षे पुढे जाऊन, दोन बाजूंच्या दोन बखरी एकाच कपाटात शेजारी ठेवता येतील. एकीत उल्फ्रिक राजा, दुसरीत बंडखोर, आणि दोन्हींच्या कर्त्यांची नावे, गावे, धनी कोण होते हे मुखपृष्ठावर लिहिलेले. चाहत्यांमध्ये पहिल्या तोडीची चर्चा अधिक आहे.

शिवाजी पेठेत वैशाख शुद्ध द्वितीयेला पुन्हा मिरवणूक निघेल. तिच्यातल्या एखाद्या पोराला कोणी विचारले की बाबा रे, फेब्रुवारीत झाली की जयंती, मग आज काय, तर त्याच्याजवळ सांगायला आता बरेच काही असावे: शकावली कोणाची, बखर कोणाची, कोणती आधीची, कोणती नंतरची, आणि तरीही आज हलगी का वाजते आहे ते.